मोठ्या कंपन्यांचा सामाजिक हिशेब : चिखल्याला सक्ती, जवाहरनगरला नाही

भंडारा जिल्ह्यात २०२५ सालच्या सुरुवातीला तीन आठवड्यांच्या आत दोन मोठे अपघात झाले. २४ जानेवारीला सकाळी साडेदहाच्या सुमारास जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन इमारतीचे छत कोसळले आणि आठ कामगार मृत्युमुखी पडले. १२ फेब्रुवारीला तुमसर तालुक्यातील चिखला येथील मँगनीजच्या खाणीत छताचा भाग कोसळून दोन कामगार दगावले. दोन्ही ठिकाणी मालकीचा मुख्य हात केंद्र सरकारचाच आहे. तरीही या दोन घटनांत कायद्याने एक फरक केला आहे. चिखल्याची खाण चालविणाऱ्या मॉयल कंपनीला वर्षभरात किती कामगार मेले, किती कायमचे जायबंदी झाले, याचा आकडा ठरावीक नमुन्यात लिहून जगासमोर ठेवावा लागतो. जवाहरनगरची निर्माणी चालविणाऱ्या म्युनिशन्स इंडिया कंपनीवर तशी सक्ती नाही.

हा फरक कशामुळे पडला, तो योग्य आहे काय, आणि जवाहरनगर, ठाणा व आसपासच्या गावांतील माणसाला हिशेब मागायचाच असेल तर कोणते कागद मागता येतात, हे आज आम्ही सांगणार आहोत. विषय कंपनी कायद्याचा असला तरी तो केवळ वकील आणि चार्टर्ड अकाउंटंट यांचा नाही. ज्यांच्या घरातला माणूस पाळीवर जातो, ज्यांची विहीर कारखान्याच्या शेजारी आहे आणि ज्यांचा माल या कंपन्यांना जातो, त्या सर्वांचा तो विषय आहे.

सक्ती आली कशी?

कंपनीने नफा-तोट्याचा ताळेबंद प्रसिद्ध करावा ही पद्धत जुनी आहे. परंतु कंपनीने हवा-पाण्याचे काय केले, कामगारांना कसे वागविले, शेजारच्या गावांना काय दिले आणि त्यांच्याकडून काय घेतले, याचाही हिशेब द्यावा हा विचार आपल्याकडे गेल्या काही वर्षांतला. २०११ साली केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने उद्योगांच्या सामाजिक जबाबदारीविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. ती ऐच्छिक होती. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१२ मध्ये, शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० नोंदणीकृत कंपन्यांना असा अहवाल सक्तीचा केला. नंतर ही संख्या ५०० झाली आणि २०१९ च्या डिसेंबरात १,००० वर गेली.

सुरुवातीच्या अहवालात गोड भाषा फार आणि आकडे थोडे असत. ‘आमची कंपनी पर्यावरणाविषयी जागरूक आहे’ असे लिहिले की काम भागत असे. म्हणून १० मे २०२१ रोजी सेबीने नवा नमुना काढला. त्याचे नाव व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल, इंग्रजी आद्याक्षरांनी बीआरएसआर. २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना तो बंधनकारक आहे. जुलै २०२३ मध्ये आणखी एक पाऊल पडले. अहवालातील काही महत्त्वाचे आकडे निवडून ते बाहेरच्या त्रयस्थाकडून तपासून घेण्याचे बंधन घातले गेले. प्रथम १५० कंपन्या, मग २५०, मग ५००, आणि २०२६-२७ या वर्षापासून सर्व १,००० कंपन्या, असा त्याचा क्रम ठरला.

भंडारा जिल्ह्यापुरते पाहायचे तर गडेगावला ज्यांचा कारखाना आहे ती अशोक लेलँड शेअर बाजारातली मोठी कंपनी आहे. वरठीची सनफ्लॅग स्टील हीसुद्धा बाजारात नोंदलेली आहे. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे खाणी असलेली मॉयल सरकारी असली तरी डिसेंबर २०१० मध्ये तिचे शेअर बाजारात आले, म्हणून सेबीचा नियम तिला लागू होतो.

नमुन्यात विचारतात काय?

अहवालाचे तीन भाग असतात. पहिल्यात कंपनीची सर्वसाधारण माहिती, म्हणजे कारखाने कोठे, कामगार किती, त्यांत कायम किती व इतर किती, स्त्रिया किती. दुसऱ्यात कंपनीचे धोरण आणि त्यावर देखरेख कोण करतो याची माहिती. तिसरा भाग सर्वांत महत्त्वाचा. त्यात नऊ तत्त्वांनुसार प्रश्न विचारलेले असतात. काही प्रश्नांची उत्तरे सक्तीची, काही ऐच्छिक.

यातील तिसरे तत्त्व कामगारांच्या हिताचे आहे. त्याखाली अपघातांचा तक्ता असतो. चालू वर्षाचे व मागील वर्षाचे आकडे शेजारी शेजारी द्यावे लागतात, आणि कर्मचारी व कामगार यांचे वेगळे द्यावे लागतात. एकूण नोंदण्याजोग्या दुखापती किती, मृत्यू किती, मृत्यू वगळता कायमचे अपंगत्व आणणाऱ्या गंभीर दुखापती किती, अशी विचारणा असते. कंत्राटी कामगार कायम नसतात म्हणून त्यांना हिशेबाबाहेर ठेवण्याची सोय नाही.

पाचव्या तत्त्वाखाली किमान वेतन, लैंगिक छळाच्या तक्रारी यांची माहिती येते. सहावे तत्त्व पर्यावरणाचे. वीज व इंधन किती जळाले, पाणी कोठून व किती उचलले, सांडपाणी कोठे सोडले, धुरातून काय बाहेर गेले, घातक कचरा किती निघाला, पर्यावरण कायद्यांचे पालन झाले की नाही आणि दंड झाला असल्यास किती, हे सारे लिहावे लागते. आठव्या तत्त्वात प्रकल्पामुळे विस्थापित झालेल्यांचे पुनर्वसन, गावकऱ्यांच्या तक्रारी ऐकण्याची व्यवस्था आणि लहान उद्योगांकडून केलेली खरेदी येते.

आकडा वाचायचा कसा?

अपघातांच्या तक्त्यात पहिली ओळ अनेकांना कळत नाही, कारण तेथे ०.४, २.५ असे काहीतरी लिहिलेले असते. ज्यामुळे कामगाराचे काम बुडाले असे अपघात दर दहा लाख मनुष्य-तासांमागे किती झाले, त्याचे ते प्रमाण आहे. समजा एका कारखान्यात १,००० कामगार दिवसाला ८ तास, वर्षाला ३०० दिवस काम करतात. त्यांचे एकूण तास झाले २४ लाख. वर्षात असे ६ अपघात झाले तर प्रमाण निघेल २.५. हे प्रमाण असल्यामुळे लहान आणि मोठ्या कारखान्यांची तुलना करता येते. मृत्यूचा आकडा मात्र प्रमाणात सांगायचा नसतो. तेथे माणसेच मोजावी लागतात.

आणखी एक गोष्ट आवर्जून पाहावी. अहवालाच्या आरंभीच लिहिलेले असते की आकडे एकट्या कंपनीचे आहेत की तिच्या उपकंपन्या धरून. कारखाना उपकंपनीच्या नावावर असेल आणि अहवाल एकट्या मूळ कंपनीचा असेल, तर त्या कारखान्याचा अपघात या तक्त्यात सापडणार नाही. नागपूर जिल्ह्यातील बाजारगाव येथे सोलर समूहाच्या कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ रोजी स्फोट होऊन नऊ कामगार मरण पावले, त्यांत सहा महिला होत्या. असा अपघात कोणत्याही समूहात झाला की पुढचा अहवाल उघडून प्रथम ही ओळ वाचावी आणि मगच तक्त्याकडे जावे.

व्यापाऱ्याच्या कामाची ओळ

मोठ्या कारखान्यांना सुटे भाग, खोकी, पोती, कपडे, खानावळीचे सामान पुरविणारे लहान उद्योजक आमच्या वाचकांत पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी पहिल्या तत्त्वाखाली एक उपयोगी आकडा असतो : कंपनी आपल्या पुरवठादारांचे पैसे सरासरी किती दिवसांनी देते. हिशेब सोपा आहे. कंपनीची वर्षाची खरेदी ७३ कोटी रुपयांची आणि देणे बाकी १० कोटी असेल, तर १० ला ३६५ ने गुणून ७३ ने भागावे. उत्तर येते ५० दिवस. नवे काम घेण्यापूर्वी हा आकडा पाहिला तर उधारी किती दिवस झेपेल याचा अंदाज बांधता येतो.

कंपनी शेअर बाजारात नसेल तर हा आकडा मिळणार नाही. परंतु २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. त्याहून अधिक थकवणाऱ्या कंपन्यांनी सहामाही विवरण कंपनी निबंधकाकडे भरावे असा आदेश जानेवारी २०१९ मध्ये निघाला. त्यात नोंदणीकृत आणि बिगर-नोंदणीकृत असा भेद नाही. एक सावधगिरी मात्र हवी. माल तयार करणाऱ्याला किंवा सेवा देणाऱ्याला हे संरक्षण आहे. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यालाही २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, परंतु तिचा उपयोग बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरता आहे, थकबाकीच्या ४५ दिवसांच्या नियमासाठी नाही.

जवाहरनगर बाहेर का राहिले?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. देशातील ४१ आयुध निर्माण्या पूर्वी सरकारी खाते म्हणून आयुध निर्माणी मंडळाखाली चालत. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ते मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या उभ्या करण्यात आल्या. स्फोटके व दारूगोळा तयार करणाऱ्या निर्माण्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेल्या. तिचे मुख्यालय पुण्यात खडकी येथे आहे आणि जवाहरनगरची भंडारा आयुध निर्माणी तिचाच भाग आहे. या कंपनीचे सर्व शेअर सरकारकडे आहेत. बाजारात एकही शेअर नाही. म्हणून सेबीचा अधिकार तेथे पोहोचत नाही आणि बीआरएसआरची सक्तीही पोहोचत नाही.

यात कोणी नियम मोडला असे नाही. नियमच तसा आहे. सेबीचे काम गुंतवणूकदाराचे रक्षण करणे हे आहे, तेव्हा तिने गुंतवणूकदार जेथे आहेत त्याच कंपन्यांना हात घातला. परिणाम असा झाला की कारखाना किती धोक्याचा आहे, त्यात किती माणसे राबतात, त्याच्या भिंतीपलीकडे किती गावे आहेत, यावर हिशेब अवलंबून राहिला नाही. तो अवलंबून राहिला शेअरच्या भावावर. वातानुकूलित कचेरीत संगणकावर काम करणारी कंपनी पहिल्या हजारात असेल तर तिने अपघातांचा तक्ता भरायचा, आणि स्फोटके हाताळणारा कारखाना बाजारात नसेल तर त्याने भरायचा नाही.

ही उणीव कोणाच्या ध्यानात आली नाही असेही नाही. या अहवालाचा नमुना तयार करण्यासाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाने नेमलेल्या समितीने ऑगस्ट २०२० मधील आपल्या अहवालात सुचविले होते की उलाढाल किंवा भरणा झालेले भांडवल यांची मर्यादा ठरवून त्यावरील बिगर-नोंदणीकृत कंपन्यांनाही पुढे हा नियम लावावा. सेबीला ते करता येणार नाही. कंपनी कायद्याखाली मंत्रालयालाच ते करावे लागेल. युरोपातही आधी, २०१४ च्या निर्देशात, पाचशेहून अधिक कर्मचारी असलेल्या नोंदणीकृत कंपन्या, बँका व विमा कंपन्या एवढ्यांवरच भर होता. २०२२ च्या निर्देशाने मोठ्या बिगर-नोंदणीकृत कंपन्यांनाही त्यात ओढले. २०२५ साली उद्योगांच्या तक्रारींमुळे तेथे व्याप्ती बरीच कमी करण्याकडे पावले पडली, तरी कोणाला पकडायचे याचे माप कर्मचाऱ्यांची संख्या आणि उलाढाल हेच राहिले. आमच्या मते निदान हे माप आपल्याकडे घ्यायला हरकत नसावी.

गुपित कशाचे?

यावर कोणी म्हणेल, संरक्षणाचा कारखाना आहे, तेथील माहिती उघड कशी करायची? हा आक्षेप टाकाऊ नाही. कोणते स्फोटक किती बनते, कोणत्या पद्धतीने बनते, साठा कोठे आहे, हे उघड होऊ नये हे कोणीही मान्य करील. सरकारने तशी काळजी घेतलेलीही आहे. प्रत्येक कंपनीला संचालकांच्या अहवालात ऊर्जेची बचत, तंत्रज्ञानाचा स्वीकार व परकीय चलन यांचा तपशील द्यावा लागतो. संरक्षण साहित्य बनविणाऱ्या सरकारी कंपन्यांना २०१८ साली त्यातून वगळण्यात आले.

परंतु वर्षभरात किती कामगार जखमी झाले, किती मेले, कंत्राटी किती होते, सुरक्षेचे प्रशिक्षण किती जणांना मिळाले, सांडपाणी शुद्ध करून सोडले की नाही, या आकड्यांतून शत्रूला काही मिळत नाही. मिळते ते कामगाराच्या घरच्यांना. जवाहरनगरच्या त्या आठ जणांची नावे दुसऱ्या दिवशीच वर्तमानपत्रांत छापून आली होती. जे वर्तमानपत्रात येऊ शकते ते कंपनीच्या वार्षिक तक्त्यात, मागील वर्षाच्या आकड्याशेजारी का येऊ नये? बातमी चार दिवसांत विसरली जाते. तक्त्यातला आकडा दरवर्षी पुन्हा विचारला जातो, हा त्या दोहोंत फरक आहे.

आज कोणते कागद मागता येतात?

नियम बदलेपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. जवाहरनगरसारख्या ठिकाणच्या माणसाला पुढील मार्ग आजही मोकळे आहेत.

पहिला, वार्षिक अहवाल. सरकारी कंपनीचा वार्षिक अहवाल कंपनी कायद्याच्या कलम ३९४ प्रमाणे महालेखापालांच्या शेऱ्यांसह संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावा लागतो. तो सार्वजनिक कागद आहे. आपल्या खासदाराने त्यावर प्रश्न विचारावा असे आपण त्यांना सांगू शकतो.

दुसरा, सामाजिक खर्चाचा हिशेब. नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एकही मर्यादा ओलांडणाऱ्या कंपनीला कलम १३५ लागू होते. तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करून तिचा अहवाल द्यावा लागतो. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून आहे आणि ती शेअर बाजारात नसलेल्या व सरकारी कंपन्यांनाही लागू आहे. खर्च करताना कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यावे असे कायदा म्हणतो. आपल्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत त्यातील किती आले, हे विचारण्याचा हक्क गावाला आहे.

तिसरा, पर्यावरण विवरण. प्रदूषण मंडळाची संमती घेऊन चालणाऱ्या उद्योगांनी दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत मागील आर्थिक वर्षाचे विवरण मंडळाला द्यावे, असा नियम १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांत १९९२-९३ साली आला. पाणी व कच्चा माल किती वापरला, प्रदूषण किती झाले, घातक कचरा किती निघाला, हे त्यात असते.

चौथा, कामगाराचा स्वतःचा हक्क. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियेतील धोके आणि त्यांवरील उपाय कामगारांना व आसपासच्या लोकांना सांगणे मालकावर बंधनकारक झाले. त्या जुन्या कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. धोक्यांची माहिती देण्याचे व अपघात कळविण्याचे बंधन तिच्यातही आहे.

पाचवा आणि सर्वांत हाताशी असलेला, माहितीचा अधिकार. सरकारी कंपनी ही २००५ च्या कायद्याखाली सार्वजनिक प्राधिकरण ठरते. दहा रुपयांच्या शुल्कात साधा अर्ज करता येतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. देशाच्या सुरक्षेला बाधक माहिती कलम ८ खाली नाकारता येते, परंतु कलम १० सांगते की कागदातील गुप्त भाग झाकून उरलेला देता येत असेल तर तो द्यावा. म्हणून अर्ज मोघम नसावा. ‘स्फोटाची सर्व माहिती द्या’ असे लिहिले तर नकार येण्याचा संभव आहे. ‘गेल्या पाच आर्थिक वर्षांत निर्माणीत झालेले मृत्यू व गंभीर दुखापती यांची वर्षवार संख्या, कायम व कंत्राटी अशी वेगळी’ असे लिहावे. बीआरएसआरचा तक्ता समोर ठेवून त्याचेच रकाने अर्जात उतरवले तर प्रश्न नेमके होतात. जो तक्ता कंपनीवर सक्तीचा नाही, तो असा अर्जाने भरून घेता येईल.

अहवाल म्हणजे सुरक्षा नव्हे

शेवटी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अहवाल दिला म्हणून अपघात थांबत नाहीत. चिखल्याची खाण अहवाल देणाऱ्या कंपनीची होती, तरी तेथे दोघे गेले. हे अहवाल बहुधा इंग्रजीत, शेकडो पानांच्या वार्षिक पुस्तकाच्या पोटात असतात आणि ज्या कामगाराविषयी ते लिहिले जातात तो ते कधी पाहत नाही. कंपन्यांनी त्यातील अपघात, पाणी आणि गावखर्च एवढी तीन पाने तरी मराठीत काढून फाटकावर लावावीत, असे आम्हाला वाटते. त्याला फार खर्च येणार नाही.

तरीही हिशेब लिहिण्याचे मोल कमी नाही. दुकानदार रोज रात्री गल्ला मोजतो तेव्हा त्याने नफा वाढत नाही, पण तूट कोठे आहे ते कळते. ज्या कारखान्यात दरवर्षी मृत्यूचा आकडा स्वतःच्या सहीने लिहावा लागतो, तेथील अधिकाऱ्याला पुढच्या वर्षी तो रकाना रिकामा ठेवण्याची ओढ लागते. ही ओढ मॉयलच्या कचेरीत असावी आणि म्युनिशन्स इंडियाच्या कचेरीत नसावी, याला कोणतेही न्याय्य कारण आम्हाला दिसत नाही. दोन्हीकडे मेलेली माणसे एकाच जिल्ह्यात कामाला गेली होती आणि एकाच आर्थिक वर्षात गेली. एकांचा आकडा नमुन्यात बसतो, दुसऱ्यांचा बसत नाही. मंत्रालयाने २०२० ची ती शिफारस पुन्हा उघडावी, आणि तोवर जवाहरनगरच्या लोकांनी दहा रुपयांचा अर्ज लिहावा.